दिंडीला गेट बंद करणाऱ्या आमच्या सोसायटीच्या समितीस खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समितीचे सर्व सदस्य,
स. न. वि. वि.

या विषयावर मी आपल्याला दोन पत्रं दिली. पहिल्याची पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. दुसऱ्याच्या वेळी सचिवांनी जिन्यातच ‘काकू, कमिटीत ठेवतो’ असं सांगितलं, आणि ते अजून ठेवताहेत. ग्रुपवर लिहावं तर पालखीच्या आदल्या आठवड्यापासून तिथे फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतात. म्हणून हे असं चारचौघांत. सोसायटीचं नाव लिहीत नाही. नाना पेठेत वाडे पाडून उभ्या राहिलेल्या इमारती गल्लोगल्ली आहेत आणि हा प्रकार फक्त आपल्याकडेच झाला असेल असं मला वाटत नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगते. माउलींची पालखी पुण्यात आली की भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात उतरते, तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात. दोन रात्रींचा मुक्काम. पालख्या देवळात राहतात, पण बरोबरची लाखो माणसं शाळांत, कार्यालयांत, वाड्यांच्या चौकांत, दुकानांच्या पायऱ्यांवर पथारी टाकतात. कोण कुठे उतरणार हे बहुतेक ठिकाणी पिढ्यांच्या ओळखीवर ठरलेलं असतं. परभणीकडच्या एका गावाची दिंडी आमच्या वाड्यात उतरायची, माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्या त्याच्याही आधीपासून. वाडा गेला, सात मजली इमारत आली, तरी दिंडी येत राहिली. चौकाऐवजी पार्किंगमध्ये उतरू लागली, एवढाच फरक. २०२० आणि २०२१ साली पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या, ती दोन वर्षं सोडली तर माझ्या माहितीत खंड नाही.

यंदा पालखीच्या आठ दिवस आधी लिफ्टच्या दारावर कागद लागला: ‘सोसायटीच्या सामाईक जागेत कोणत्याही धार्मिक समूहास मुक्कामाची परवानगी नाही. आदेशावरून.’ कोणाच्या आदेशावरून, ते लिहिलं नव्हतं. मी त्याच दिवशी पत्र दिलं. सचिव म्हणाले, ‘बघू, काहीतरी मार्ग काढू.’ मी त्या ‘बघू’वर विसंबले आणि दिंडीच्या बुवांना फोन केला नाही. चुकांची यादी करायची तर पहिली चूक माझी, हे आधीच मान्य करते.

पालखी यायच्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास दिंडीचा ट्रक दारात आला. सामान, सरपण, स्वयंपाकाची माणसं पुढे येतात, चालणारी मागून. गेटला साखळी, साखळीला कुलूप. आपला वॉचमन स्वतः माळकरी. तो ड्रायव्हरला ‘माउली, माझ्या हातात काही नाही’ एवढंच म्हणत राहिला आणि त्याने मान वर केली नाही. त्या बिचाऱ्याला तिथे उभं करून आपण सगळे कुठे होतात? अध्यक्षांचा फोन बंद होता. ट्रक दीड तास गल्लीत अडकला, मागे हॉर्नचा कल्लोळ. शेवटी गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी जवळच्या शाळेचा व्हरांडा बघून दिला. तिथे आधीच तीन दिंड्या होत्या.

संध्याकाळी पाऊस धरला. मी दळून आणलेलं पंधरा किलो ज्वारीचं पीठ रिक्षात घालून तिथे गेले. व्हरांड्यात अर्धी माणसं आत, अर्धी पागोळ्यांखाली. बायका पातळाचे पदर पिळत बसलेल्या. विणेकरी बुवा रागावतील, निदान बोलतील, असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, ‘वहिनी, जागा काय, कुठंबी होती. एक फोन आला असता तर ट्रक हिकडं वळवलाच नसता.’ बस, एवढंच. मग त्यांनी पीठ उतरवून घेतलं आणि मला चहा दिला. आपल्या दारातून परत गेलेल्या माणसांचा चहा मी प्यायले. तो घशाखाली कसा गेला ते माझं मला माहीत.

माझा याच्याशी संबंध काय, असं आपल्यापैकी नव्यांना वाटेल. १९८४ साली मी या वाड्यात लग्न होऊन आले. लग्नानंतर महिन्याभरातच पालखी आली आणि सासूबाईंनी माझ्यापुढे परात सरकवली. मी कोथरूडकडची, पोळ्या लाटणारी. थापलेली भाकरी तव्यावर जाईपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. दिंडीतल्या एका आजींनी माझा हात बाजूला केला, ‘पाणी गरम घे गं’ म्हणाल्या आणि मला भाकरी शिकवली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या टाचांना मी आमसुलाचं तेल लावलं. भेगा अशा, की कापूस आत अडकत होता. जाताना त्यांनी पदराच्या गाठीतून मूठभर तूर काढून माझ्या ओटीत घातली. दुसरं काही नव्हतं त्यांच्याकडे, आणि तसंच जाणं त्यांना जमणार नव्हतं.

माझे यजमान पक्के नास्तिक. देवळात गेले तर बाहेर चपला सांभाळत उभे राहायचे. पण ते पोस्टात होते. पालखीच्या आधी पंधरा पैशांच्या कार्डांचा गठ्ठा घरी आणून ठेवायचे आणि मुक्कामाच्या दिवशी जेवणं झाली की ओसरीवर टेबल टाकून बसायचे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, यांनी लिहायचं. ‘पांडुरंगाच्या कृपेने सुखरूप पोचलो. म्हशीकडे लक्ष ठेवा. बियाणं आणलं का?’ हा माणूस एका बैठकीत चाळीस कार्डांवर पांडुरंगाची कृपा लिहायचा आणि एकदाही तोंड वाकडं करायचा नाही. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, ‘निरोप त्यांचा आहे, मी कोण गाळणार?’ पुढे मोबाइल आले. मग ओसरीवर कार्डांच्या जागी चार एक्स्टेन्शन बोर्ड आले, आणि कोणता फोन कोणाचा ते कळावं म्हणून हे प्रत्येकावर चिकटपट्टी लावून नाव लिहायचे. ते गेले त्याच्या पुढच्या वर्षी दिंडी आली तेव्हा बुवांनी मला काही विचारलं नाही. फक्त हरिपाठ झाल्यावर एक अभंग जास्त म्हटला.

हे सगळं आपल्या पार्किंगच्या फरशीखाली आहे. आता तक्रारी.

ठराव कसा झाला, ही सगळ्यात मोठी. मी कार्यालयात बसून इतिवृत्त वाचलं. सभेच्या नोटिशीत हा विषय नव्हता. तो ‘आयत्या वेळचे विषय’ या मथळ्याखाली आला, सूचक खजिनदार, अनुमोदक सचिव, ‘सर्वानुमते मंजूर’. त्या सभेला हजर असलेल्या चौघांना मी विचारलं. तिघांना असं काही झाल्याचं आठवत नाही. चौथे म्हणाले की तोवर वडे आले होते. पाण्याच्या टाकीला रंग कोणता द्यायचा यावर आपण तीन सभा घेतल्या. सत्तर वर्षांचा रिवाज मोडायला वडे येईपर्यंतचा वेळ पुरला.

दुसरं, दिलेला शब्द. ताबा मिळाल्यावर २०१५ साली पहिली सर्वसाधारण सभा झाली. त्यात जुन्या भाडेकरूंच्या आग्रहावरून एक ओळ लिहिली गेली: पालखीच्या मुक्कामात दोन रात्री तळमजल्यावरची पार्किंगची जागा दिंडीसाठी मोकळी ठेवावी. प्रोसिडिंग बुकात ती आहे, माझ्याकडे झेरॉक्सही आहे. ठराव बदलता येत नाही असं मी म्हणत नाही. बदलायचा तर आधीचा वाचून दाखवून बदला.

तिसरं, कारण. सचिवांनी मला तोंडी सांगितलं की सामाईक जागेत धर्म नको. आज यांना दिलं तर उद्या दुसरे मागतील. धर्म घरात असावा, जागा सगळ्यांची असावी, हे म्हणणं मी टाकाऊ मानत नाही. माझ्या घरातच असा एक माणूस तीस वर्षं होता. पण मग ते सरसकट पाळा. त्याच पार्किंगमध्ये भाद्रपदात दहा दिवस गणपती असतो. मांडवासाठी गाड्या बाहेर काढतो तेव्हा कोणी सुरक्षेचा प्रश्न काढत नाही. नवरात्रात गरबा असतो. गेल्या वर्षी त्याचा स्पीकर रात्री साडेअकराला मी स्वतः खाली जाऊन बंद करायला लावला. दहानंतर ध्वनिवर्धक नको, हा नियम २००० सालापासून आहे. श्रावणात सत्यनारायण. एकतीस डिसेंबरला जे असतं त्याला धर्म म्हणता येणार नाही, पण लोक भक्तिभावाने जमतात खरे. यांतलं काहीच बंद करा असं माझं म्हणणं नाही. गणपतीची वर्गणी मी देते, आरतीला येते. फक्त ‘सामाईक जागेत धर्म नको’ हे कारण सांगू नका. अडचण धर्माची नाही, चिखलाच्या पायांची आहे. गणपतीला येणारे आपल्यासारखे दिसतात.

‘उद्या दुसरे मागतील’ याबद्दल. मागू देत की! आपल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ख्रिस्ती कुटुंब आहे, चौथ्यावर मुसलमान. त्यांना कधी पार्किंग हवं असेल तर त्यांनी अर्ज करावा, सभेत ठेवू, हेच नियम त्यांनाही लावू. क्वार्टर गेटचं सिटी चर्च इथून चालत दहा मिनिटांवर. त्याला १७९२ साली जागा दिली ती सवाई माधवराव पेशव्यांच्या दरबाराने. आणि तुकोबांची पालखी देहूतून निघाली की पहिली अभंग आरती कुठे होते? अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. दुसऱ्याच्या दारात थांबायचं आणि आपल्या दारात दुसऱ्याला थांबू द्यायचं, ही या रस्त्यावरची जुनीच पद्धत आहे. भीती घालायला आपण चुकीचं उदाहरण निवडलंत.

समितीतल्या एका तरुण सदस्यांनी मला ऐकवलं की वारीतली समता वगैरे बोलायच्या गोष्टी असतात. खरं आहे, थोडं तरी. चोखोबांची समाधी महाद्वाराच्या पायरीशी आहे, आत नाही. विठोबाचं दार सगळ्यांना उघडावं म्हणून १९४७ साली साने गुरुजींना दहा दिवस उपास करावा लागला. दार बंद ठेवणाऱ्यांकडे तेव्हाही नियमच होते. आपण हे उदाहरण मला द्यायला नको होतं, एवढंच म्हणते.

आता दुसरी बाजू, कारण ती आहे. तीन वर्षांपूर्वी लिफ्टशेजारच्या भिंतीवर तंबाखूच्या पिचकाऱ्या पडल्या. ड्रायव्हर-वॉचमनसाठी असलेलं एकच शौचालय तुंबलं आणि त्याचा वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला. एका स्कूटरचा आरसा फुटला. पाचव्या मजल्यावरच्या काकांना पहाटे डायलिसिसला जायचं होतं आणि त्यांची गाडी काढायला झोपलेली बारा माणसं उठवावी लागली. काकूंना त्या वेळी जो घाम फुटला तो मी पाहिलाय. या तक्रारी खऱ्या आहेत. त्यांच्यावर ‘श्रद्धेचा प्रश्न आहे’ असं म्हणून पांघरूण घालणाऱ्यांतली मी नाही. श्रद्धेने शौचालय साफ होत नाही. पण या चारही गोष्टींना उपाय आहे. महापालिका पालखीच्या काळात फिरती शौचालयं उभी करते. आपल्या गल्लीच्या तोंडाशी एक हवं म्हणून वेळेत अर्ज करायचा. गाड्यांसाठी एक पट्टा दोरी बांधून मोकळा ठेवायचा. तंबाखूबद्दल बुवांना आधी सांगायचं. मी एकदा सांगितलं होतं, तर त्यांनी त्या दोन गड्यांकडून सगळ्यांसमोर भिंत धुऊन घेतली. आपल्यापैकी कोणी त्यांच्याशी कधी बोललंय का?

आवाजाचा मुद्दाही कोणीतरी काढला होता. ती माणसं टाळ-मृदंगावर हरिपाठ म्हणतात, तास-दीड तास कीर्तन होतं, आणि दहाच्या आत निम्मी घोरत असतात. सासवडचा टप्पा लांबचा, मध्ये दिवे घाट, बहुतेक वर्षी त्याच दिवशी एकादशी. पहाटे तीनला उठायचं असतं त्यांना. जागरण करणारे वेगळे.

वारीतली एक रीत सांगते. मुक्कामाला पोचल्यावर माउलींच्या सोहळ्यात समाज आरती होते. हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंच करतो आणि सगळं चिडीचूप होतं. फक्त ज्या दिंडीची काही तक्रार असेल तीच टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातो, म्हणणं ऐकून घेतो, आणि ते मिटल्याशिवाय पुढचं काही होत नाही. लाखोंच्या सोहळ्याला हे जमतं. आपल्याला अठ्ठावीस फ्लॅटमध्ये जमू नये? या पत्राला आमचा टाळ समजा.

वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्याने ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. त्या सभेपुरत्या माझ्या मागण्या अशा.

हा विषय नोटिशीत स्पष्ट शब्दांत घ्या. आयत्या वेळचा नको. २०१५ चा ठराव आणि यंदाचा ठराव, दोन्ही सभेत मोठ्याने वाचा आणि मग मतदान घ्या. हात वर करून नको, चिठ्ठीने. शेजाऱ्यासमोर हात वर करणं सगळ्यांना जमत नाही, दोन्ही बाजूंच्या लोकांना.

पार्किंगच्या वापराचे नियम सगळ्यांसाठी एकच करा: पालखी, गणपती, गरबा, ईद, नाताळ, कोणाच्या मुलीची हळद, एकतीस डिसेंबर. किती दिवस, किती वाजेपर्यंत, अनामत किती, सफाई कोणाची. जे दिंडीला लागेल ते गणपतीला लागेल. हे मान्य नसेल तर तसं लिहून द्या.

दिंडीला समितीच्या सहीने पत्र पाठवा. लांबलचक माफीनामा नको. ‘आपल्याला आधी कळवायला हवं होतं, कळवलं नाही, ही आमची चूक’, एवढ्या दोन ओळी पुरेत. पत्ता माझ्याकडे आहे, तिकीट मी लावते.

आणि वॉचमनला पुन्हा कधी आपल्या निर्णयाची ढाल करू नका. गेट बंद करायचं असेल त्या दिवशी समितीतल्या एकाने तरी तिथे उभं राहावं.

मतदानात ‘नको’ आलं तर? तर मी मुकाट्याने मान्य करीन. म्हणजे नाना पेठेत जन्म काढलेली बाई जितकी मुकाट राहू शकते तितकी. दिंडीला संक्रांतीच्या आत कळवीन, म्हणजे त्यांना दुसरी जागा बघायला वेळ मिळेल.

एक शेवटचं, व्यवहाराचं. दिंडीची दोन मोठी पितळी पातेली, एक कढई आणि लाकडी दांड्याचा झारा वर्षभर आपल्या मीटर रूममध्ये असतात. वाडा होता तेव्हा माळ्यावर असायची. पुण्यापर्यंत ओझं नको म्हणून ती इथेच ठेवायची रीत आहे. यंदा मीटर रूमलाही कुलूप होतं, त्यामुळे त्यांनी त्या रात्री शाळेत दुसऱ्या दिंडीची भांडी मागून स्वयंपाक केला. पातेल्यांना कल्हई करायची वेळ झाली आहे. ती करून इथेच ठेवायची की परभणीच्या ट्रान्सपोर्टने रवाना करायची, ते सभेनंतर मला लेखी कळवा. किल्ली आपल्याकडे आहे.

आपली,
तिसऱ्या मजल्यावरची एक सभासद
नाना पेठ, पुणे